पाणी घालायची घाई नको: घरच्या परदेशी सूपांना चव का येत नाही

प्रश्न असा आहे: "गेलं वर्षभर घरी मिनेस्त्रोने हे इटलीचं भाज्यांचं सूप, फ्रेंच पद्धतीचं कांद्याचं सूप, रताटुई ही वांगी-झुकिनीची फ्रेंच भाजी असे प्रकार करून पाहते आहे. ऑलिव्ह तेल, हर्ब्ज, चीज सगळं आणते. कांदा-गाजर दोन-तीन मिनिटं परतते, मग सगळ्या भाज्या आणि पाणी घालून कुकरच्या दोन शिट्ट्या काढते. तरी सूप पाणचट लागतं आणि भाज्या पचपचीत होतात. सासूबाई म्हणतात, वरून जिऱ्याची फोडणी दे. माझं नेमकं काय चुकतंय?"

ताई, तुमच्या सामानात काहीही चूक नाही. चूक "दोन-तीन मिनिटं" या शब्दांत आहे. अकरा वर्षं हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करून गेली बरीच वर्षं मी पुण्यात हेच पदार्थ शिकवते. वर्गात येणाऱ्या दहांपैकी आठजणी इथेच अडकलेल्या असतात. घरी भरल्या वांग्याचं वाटण त्या तेल सुटेपर्यंत परततात, आमटी मिळून येईपर्यंत गॅसजवळून हलत नाहीत, पण सूप म्हटलं की हा सगळा हातखंडा बाजूला ठेवतात. सूप म्हणजे हलकं, झटपट, उकडलेलं काहीतरी, अशी समजूत आपल्या डोक्यात बसली आहे.

आमटीला गोडा मसाला असतो, रश्श्याला वाटण असतं. परतणं थोडं कमी पडलं तरी मसाला सांभाळून घेतो. मिनेस्त्रोनेला असा पाठीराखा नाही. त्याची सगळी चव कांदा, गाजर आणि सेलरीतूनच काढावी लागते आणि ती पाणी घालण्याआधीच काढावी लागते. पाणी पडलं की पातेल्यातलं तापमान १०० अंशांवर अडकतं. त्यानंतर भाज्या शिजतात, पण खमंग होत नाहीत.

हा पाया युरोपात जवळजवळ सगळीकडे आहे. इटलीत त्याला सोफ्रित्तो म्हणतात: कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात. फ्रान्समध्ये मिरप्वा, त्यात वजनाने दोन भाग कांदा, एक भाग गाजर, एक भाग सेलरी. स्पेनच्या सोफ्रितोमध्ये कांदा, लसूण आणि टोमॅटो. तिन्हीकडे आच मंद आणि वेळ भरपूर. चार माणसांच्या सूपसाठी दोन मध्यम कांदे, एक गाजर, सेलरीच्या दोन काड्या आणि तीन मोठे चमचे तेल घ्या. चिमूटभर मीठ सुरुवातीलाच घाला, म्हणजे भाज्यांना पाणी सुटेल. दहा मिनिटं झाकण ठेवून, मग दहा-बारा मिनिटं झाकण काढून परता. आधी फदफद असा ओला आवाज येतो, पाणी संपलं की तो बारीक चुरचुरीवर येतो. कांदा काचेसारखा पारदर्शक होऊन गोडसर वास सुटतो आणि तेल कडेला दिसायला लागतं. तोवर पाण्याच्या भांड्याला हात लावू नका. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीच्या काड्या वापरा आणि कांदा थोडा वाढवा. चव तीच येणार नाही, पण पाया पक्का राहील.

आता कांद्याच्या सूपबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यात लपायला जागा नाही. कांदा, लोणी, पाणी, पाव आणि चीज, एवढंच.

एक किलो कांदा घ्या. हा कांदा कुठला, याला फार महत्त्व आहे आणि ते आपल्याला परदेशी कृती सांगत नाही. पावसाळ्यानंतर येणारा लाल पोळ कांदा पाणीदार असतो, तो आटायलाच अर्धा-पाऊण तास खातो. चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा घट्ट आणि कोरडा असतो, या सूपला तो उत्तम. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर जरूर करून पाहा. तो इतका कमी तिखट असतो की कच्चा खाल्ला तरी झोंबत नाही, आणि त्याचं सूप मुलांना फार आवडतं. कांदा उभा चिरा, साधारण तीन मिलिमीटर जाडीचा. फार पातळ चिरला तर त्याचा लगदा होतो.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ५० ग्रॅम लोणी आणि एक चमचा तेल तापवून कांदा आणि अर्धा चमचा मीठ घाला. पहिली पंधरा मिनिटं झाकण ठेवा. कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणीच असतं. ते निघून जाईपर्यंत रंग येणं शक्य नाही, कारण ओल्या कांद्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग झपाट्याने यायला १४० अंशांच्या आसपास पोचावं लागतं. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ज्या क्रियेचं वर्णन केलं, तीच ही. आपण भाकरी शेकताना, शेंगदाणे भाजताना रोज ती पाहतो.

मग झाकण काढा आणि मध्यमपेक्षा कमी आचेवर पाऊण तास द्या. सुरुवातीला पाच मिनिटांनी एकदा हलवलं तरी चालतं, शेवटची पंधरा मिनिटं मात्र तिथेच उभं राहावं लागतं. पातेल्याच्या बुडाला तपकिरी थर धरायला लागेल. हा थर म्हणजे तुमच्या सूपचा रंग आणि चव. तो काळपट होण्याआधी दोन चमचे पाणी शिंपडा आणि उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळा. असं चार-पाच वेळा करा. दरवेळी कांदा एक छटा गडद होतो. शेवटी किलोभर कांद्याचा एक-दीड वाटी गोळा उरतो, जुन्या गुळाच्या रंगाचा, चिकट आणि गोड. हे दहा मिनिटांत होतं असं सांगणाऱ्या कृती सरळ सोडून द्या. सोडा घालून कांदा लवकर लाल होतो हे खरं, पण त्याची चिकट पेस्ट होते आणि वासही बदलतो. साखर घातली तर नुसता गोडवा वाढतो. नॉनस्टिक भांड्यात बुडाला थर धरत नाही, म्हणून तेही नको.

हॉटेलातल्या पहिल्या वर्षी माझ्याकडून दहा किलो कांदा आच मोठी केल्यामुळे कडेने करपला. मी करपलेला भाग काढून बाकीचा वापरायला निघाले, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी एक चमचा पाण्यात तो कांदा कालवून मला प्यायला दिला. कडवटपणा घशापर्यंत आला. थोडासा करपलेला भागसुद्धा पाण्यात सगळीकडे पसरतो, हे तेव्हा कळलं ते कायमचं. कांदा करपला तर त्याचं सूप करू नका.

कांदा झाला की एक चमचा मैदा घालून दोन मिनिटं परता, मग सव्वा लिटर गरम पाणी किंवा स्टॉक, म्हणजे भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी. फ्रान्समध्ये इथे गोमांसाचा स्टॉक आणि थोडी व्हाइट वाइन असते. शाकाहारी घरात मी मूठभर वाळवलेले मशरूम कोमट पाण्यात अर्धा तास भिजवते, ते पाणी गाळून वापरते आणि अर्धा चमचा सोया सॉस घालते. वाइनऐवजी एक चमचा व्हिनेगर. वीस मिनिटं मंद उकळा, वर भाजलेल्या पावाची चकती आणि किसलेलं चीज ठेवून ओव्हनमध्ये रंग येऊ द्या.

चीजबद्दल एक गोष्ट शाकाहारी वाचकांसाठी. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज नियमानुसारच वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, ग्रुयेर या स्विस चीजचंही तसंच. पाकिटावर हिरवा ठिपका असलेली, सूक्ष्मजीवजन्य रेनेटची चीज आपल्याकडे मिळतात. कांद्याच्या सूपवर मुरलेलं चेडर किंवा गौडा चांगलं लागतं. प्रोसेस्ड चीजचे चौकोन मात्र नकोत, त्याने सूप खारट होतं आणि बाकी काही मिळत नाही.

मशरूम आणि सोया सॉस का, तर सूपला "भरीव" चव देणारं ग्लुटामेट त्यांत असतं. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या पाण्यातून ते वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी असं नाव दिलं. जपानी मिसो सूप बेचव होत नाही ते या कोंबूच्या पाण्यामुळे. पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट भरपूर असतं, म्हणून मिनेस्त्रोनेत टोमॅटो पेस्ट नुसती मिसळू नका. पाया तयार झाला की लसूण आणि एक मोठा चमचा पेस्ट घालून ती विटकरी होऊन तेल सोडेपर्यंत परता.

आता कुकरचं. बटाटा, फरसबी, झुकिनी आणि पालक यांना एकाच शिट्टीत शिजवलं तर एकाचा गाळ होतो आणि दुसरा कच्चा राहतो. शिवाय बंद कुकरमध्ये काही आटत नाही आणि हिरव्या भाज्यांतली आम्लं आतच कोंडल्यामुळे त्यांचा रंग शेवाळी होतो. मिनेस्त्रोनेत कुकर फक्त राजम्यासाठी वापरा. इटलीतल्या बोरलोत्ती घेवड्याला आपला चित्रा राजमा सर्वांत जवळचा. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा आणि शिजवलेलं पाणी सूपमध्ये घ्या, त्याने दाटपणा येतो. कॉर्नफ्लोअरची गरज पडत नाही. राजमा कुकरशिवाय शिजवणार असाल तर सुरुवातीची दहा मिनिटं तरी खळखळून उकळायलाच हवा. अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात, आणि मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात कच्चा राजमा कधीच टाकू नये.

क्रम असा: पाया, लसूण, पेस्ट, मग बटाटा आणि गाजराचे तुकडे, पाणी, बटाटा निम्मा शिजला की शिजलेला राजमा, फरसबी आणि झुकिनी, आणि त्यानंतरच चिरलेला टोमॅटो. चिंच डाळ शिजल्यावर घालायची, आधी घातली तर डाळ बोटचेपी होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आंबटपणाने भाज्यांच्या पेशींच्या भिंती मऊ व्हायला वेळ लागतो. बटाटा-टोमॅटोचंही गणित तेच. पास्ता शेवटी, पालक त्याहून शेवटी. मिलानकडे पास्त्याऐवजी तांदूळ घालतात आणि उन्हाळ्यात हे सूप कोमटच खातात. जेनोव्हाकडे वाढताना चमचाभर पेस्टो, म्हणजे बेझिलची चटणी, घालतात. म्हणजे ठरावीक एकच मिनेस्त्रोने नाही. मंडईत आज जे ताजं आहे ते घाला, फक्त पाया आणि क्रम सोडू नका.

हर्ब्जच्या पुड्यांबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचं आहे. पिझ्झ्याबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या प्रत्येक सूपमध्ये फाडल्या की सगळ्याच पदार्थांना तो एकच वास येतो. त्याहून मोठा घोळ तमालपत्राचा. कृतीत "बे लीफ" लिहिलेलं असतं आणि आपण डब्यातलं तमालपत्र टाकतो. ही दोन वेगळी झाडं आहेत. पान उजेडात धरून पाहा: देठापासून टोकाकडे तीन लांब शिरा दिसल्या तर ते आपलं तमालपत्र, दालचिनीच्या कुळातलं आणि वासही तसाच. मधे एकच शीर आणि तिला आडवे फाटे असतील तर ते भूमध्य समुद्राकडचं. पुलावात शोभणारा वास मिनेस्त्रोनेत खटकतो. ते पान मिळालं नाही तर काहीच घालू नका.

उलट बेझिल घरीच आहे. आपला सब्जा म्हणजे बेझिलचंच बी. फालुद्यासाठी आणलेला सब्जा कुंडीत पेरा, महिना-दीड महिन्यात पानं वापरण्याजोगी होतात. वास इटलीच्या जातीपेक्षा थोडा उग्र असतो, म्हणून पानं कमी घ्या. आपली तुळस मात्र त्या जागी चालत नाही. थाई नारळाच्या सूपसाठीही गवती चहा अंगणात असतोच. पानांऐवजी खालचा पांढरट दांडा ठेचून नारळाच्या दुधात घाला. त्यात लागणारं गलंगल म्हणजे कुलंजन, काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेलं मिळतं.

रताटुई पचपचीत होण्याचं कारण वेगळं. नीस शहराकडची ही भाजी एका कढईत सगळं ढकलून होत नाही. वांगी, झुकिनी, सिमला मिरची आणि टोमॅटो या सगळ्यांना पाणी सुटतं. एकत्र टाकलं की ती स्वतःच्याच पाण्यात उकडतात. भरताचं मोठं, कमी बियांचं वांगं घ्या, दोन सेंटिमीटरचे चौकोन करा, मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा आणि पिळून पुसा. मिठाने वांग्याचा स्पंज बसतो आणि ते तेल कमी पितं. मग प्रत्येक भाजी वेगळी, मोठ्या आचेवर, कढईत एकाच थरात मावेल एवढीच घालून कडा तपकिरी होईपर्यंत परतून काढा. शेवटी त्याच कढईत कांदा-लसूण-टोमॅटो असं आटवा की उलथनं फिरवल्यावर बूड दिसलं पाहिजे, मग सगळ्या भाज्या त्यात घालून पंधरा मिनिटं मंद आचेवर मुरू द्या. कष्टाचं काम आहे, तासभर मोडतो. पण दुसऱ्या दिवशी ती आणखी छान लागते, त्यामुळे आदल्या रात्री करून ठेवता येते. झुकिनी नसेल तर कोवळा दुधी जाडसर फोडी करून चालेल.

आता मीठ आणि आंबट. एक लिटर सूपला सात-आठ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे मोजायच्या चमच्याने सपाट सव्वा चमचा. पाहुणे येणार म्हणून अनेकजणी हात आखडता घेतात आणि मग मिरपूड वाढवत बसतात. मीठ बरोबर असूनही सूप सपक लागलं तर हा प्रयोग करा. दोन वाट्यांत दोन-दोन चमचे सूप घ्या, एकीत लिंबाचे दोन थेंब टाका आणि दोन्ही चाखा. लिंबाच्या वाटीतला कांदा, टोमॅटो, राजमा वेगवेगळा ओळखू येईल. आंबट नेहमी गॅस बंद केल्यावर घाला. सूप मिक्सरमधून काढायचं असेल तर भांडं अर्ध्याच्या खाली भरा, झाकणावरची छोटी टोपी काढा आणि वर दुमडलेलं फडकं धरा. गरम वाफेने झाकण उडून भाजल्याचे प्रकार मी वर्गात पाहिले आहेत.

आणि सासूबाईंच्या फोडणीचं. तिलाही हक्काची जागा आहे, फक्त सूप दुसरं निवडा. तुर्कस्तानात मसूर डाळीचं सूप घरोघरी होतं, मेर्जिमेक चोर्बासी. चोर्बा आणि आपला शोरबा हा एकच फारसी शब्द. यात शेवटी लोण्याची फोडणी असतेच. एक मोठा कांदा आणि एक गाजर वर सांगितलं तसं वीस मिनिटं परता, त्यात एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट आणि अर्धा चमचा जिरेपूड परतून घ्या. २०० ग्रॅम धुतलेली मसूर डाळ, अर्धा बटाटा आणि सव्वा लिटर पाणी घालून पंचवीस मिनिटं शिजवा आणि घोटा. छोट्या कढल्यात दोन चमचे लोणी फेसाळलं की गॅस बंद करून त्यात एक चमचा कमी तिखट लाल मिरचीचे जाडसर कण आणि हातावर चुरलेला वाळका पुदिना घाला. पुदिना घरातच सावलीत कागदावर वाळतो. ही फोडणी वाटीत वाढल्यावर वरून सोडायची, ढवळायची नाही. सोबत लिंबाची फोड. तुमच्या घरी सुरुवात या सूपने करा. आठवडाभराने कांद्याच्या सूपला हात घाला.

गोव्याकडच्या वाचकांना पोर्तुगालच्या मिन्यो प्रांतातलं काल्दो व्हेर्दे नवं नसेल. बटाटा, कांदा, लसूण शिजवून घोटायचं आणि हिरवी पानं केसासारखी बारीक चिरून शेवटची तीन-चार मिनिटं शिजवायची. तिथली पानं कोबीच्या कुळातली. नवलकोलाची कोवळी पानं त्याच कुळातली आहेत. भाजीवाले ती मोडून टाकतात, मागितली तर फुकट देतात. बटाटा, कोबी आणि पाव हे तिन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले, आणि या सूपबरोबर पावच हवा.

राहिलेल्या मिनेस्त्रोनेचं काय करायचं तेही सांगते. तोस्कानात त्याच्या जवळचं एक कोबी आणि घेवड्याच्या दाण्यांचं सूप करतात आणि उरलेल्यात शिळ्या पावाचे जाड तुकडे घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. त्याला रिबोलिता म्हणतात, अर्थच "पुन्हा उकळलेलं". तुमच्याकडे सूप उरलं तर त्यात एक शिळा, कडक झालेला पाव मोडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी मंद आचेवर, मधूनमधून बूड खरवडत, चमचा उभा राहील इतकं घट्ट होऊ द्या, आणि वाढताना वर कच्चं ऑलिव्ह तेल सोडा.